"कोणाचं?" हा प्रश्न नंतर : नको असताना दिवस गेले तर सातारा-सांगलीत काय करावे

नको असताना दिवस गेल्याचे घरात कळले की आमच्या भागात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कोणाचं आहे?" त्या प्रश्नाभोवती रडारड, आरडाओरड, कधी मारहाण होते आणि त्यात चार-आठ दिवस हातचे निघून जातात. गेली बरीच वर्षे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत अशा मुलींच्या आणि बायकांच्या सोबतीने दवाखान्यात, कचेरीत आणि निवारागृहाच्या दारापर्यंत जाण्याचे काम मी करते आहे. त्या अनुभवावरून ठामपणे सांगावेसे वाटते की पहिला प्रश्न तो नव्हे. "शेवटची पाळी कधी आली होती?" हा पहिला प्रश्न. "आज रात्री तू कुठे झोपणार आहेस आणि तिथे तुला कोणी हात लावणार नाही ना?" हा दुसरा. "तुला काय वाटतं?" हा तिसरा. बाप कोण याची चौकशी पोटगीसाठी किंवा पोलीस तक्रारीसाठी लागेल तेव्हा करता येते. तिच्यावाचून पहिल्या आठवड्यातले एकही काम अडत नाही.

हे लिखाण मुख्यतः सोबत जाणाऱ्या माणसासाठी आहे, म्हणजे मावशीसाठी, वहिनीसाठी, मैत्रिणीसाठी, शाळेतल्या बाईंसाठी किंवा आशाताईंसाठी. जिच्यावर वेळ आली आहे तिने स्वतः वाचले तर अधिकच चांगले. या विषयाचे नाव काढले की लोकांच्या डोळ्यांपुढे कॉलेजातली अविवाहित मुलगीच उभी राहते, पण माझ्याकडे आलेल्यांत विवाहित बायका कमी नव्हत्या. धाकटे मूल अंगावर पीत असताना पुन्हा दिवस गेलेली, नवऱ्याने टाकलेली, नुकतीच विधवा झालेली, आणि हंगामात बीडकडून कोयता घेऊन कारखान्यावर आलेल्या टोळीतली, जिने फडातून दवाखान्यात जायचे म्हटले की त्या दिवसाचा खाडा धरला जातो, अशा साऱ्याच जणी त्यांत होत्या.

तारीख आधी

तासगाव तालुक्यातल्या एका मुलीला तारीख आठवत नव्हती. बहुतेकींना ती आठवत नाही, पण सण, यात्रा आणि लग्ने आठवतात. "गणपतीत तासगावचा रथ निघाला ना, त्याच्या दोन दिवस आधी आली होती, म्हणून मला रथाला जाता आलं नाही," असे ती म्हणाली. आम्ही मागच्या वर्षीची दिनदर्शिका शोधून काढली. दुधाचा हिशेब लिहिलेली ती पाने तिच्या आईने जपून ठेवली होती. रथ २० सप्टेंबरला निघाला होता, म्हणजे पाळी १८ सप्टेंबरची. आणि तो सोमवार होता. तिथून बोटाने एकेक सोमवार मोजत आम्ही त्या दिवसापर्यंत, म्हणजे ३० जानेवारीपर्यंत आलो, तेव्हा १९ आठवडे आणि एक दिवस भरला. मायलेकी "चारेक महिने झाले असतील" असे धरून चालल्या होत्या आणि पुढच्या आठवड्यात मामा आले की बघू, असे त्यांचे ठरले होते. २० आठवडे उलटले की कायद्याचे नियम बदलतात, हे त्यांच्या गावीही नव्हते. हातात सहा दिवस उरले होते. पुढे तिने काय ठरवले ते मी इथे लिहिणार नाही, कारण ते तिचे आहे. पण विचार करायला ते सहा दिवस तिला मिळाले, ते दुधाच्या हिशेबाच्या त्या पानांमुळे.

आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून; संबंध आला त्या दिवसापासून नव्हे. डॉक्टर आणि कायदा दोघेही असेच मोजतात. पाळी चुकून आठवडा झाला असेल तर सकाळच्या पहिल्या लघवीवर घरच्या घरी तपासणी करता येते. त्यासाठीचे 'निश्चय' किट आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. मात्र आशाताई त्याच गावच्या असतात आणि गाव लहान असते, याची धास्ती वाटत असेल तर तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानातून किट घ्यावे. पाळी अनियमित असेल किंवा तारखेचा काहीच अंदाज नसेल तर सोनोग्राफीशिवाय नेमके आठवडे कळत नाहीत. सोनोग्राफीच्या वेळी नाव-पत्ता विचारतात आणि एक फॉर्म भरून घेतात. गर्भलिंग निदान रोखण्याच्या कायद्यामुळे तो प्रत्येकीचाच भरला जातो, त्यामुळे आपलीच चौकशी चालली आहे असे समजून घाबरू नये.

या टप्प्यावर होणारी सर्वांत महागडी चूक म्हणजे कोणाच्या तरी ओळखीने दुकानातून गोळ्या आणून घरात गुपचूप घेणे. गर्भपाताच्या गोळ्या चांगल्या आहेत, सुरक्षित आहेत, पण त्या पहिल्या नऊ आठवड्यांच्या आत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्या तरच. दिवस जास्त भरलेले असतील, रक्त आधीच कमी असेल किंवा गर्भ पिशवीऐवजी नळीत राहिला असेल तर त्याच गोळ्या जिवावर बेतू शकतात. सलग दोन तास, तासाला दोन-दोन पॅड पूर्ण भिजतील इतके रक्त जाणे, चक्कर येऊन पडणे, पोटाच्या एका बाजूला किंवा खांद्यात कळ येणे, ताप किंवा दुर्गंधी असलेला स्राव, यांपैकी काहीही दिसले तर १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे. तिथे लपवले तर उपचार चुकतात. चोरून करणाऱ्यांच्या हाती जाण्याची किंमत आपल्या भागाने पाहिलेली आहे. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ इथे बेकायदा गर्भपातात एक विवाहिता दगावली, आणि त्या तपासात ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले.

एकटीशी बोलणे

तिच्याशी बोलताना आई, सासू किंवा नवरा यांना थोडा वेळ बाहेर बसवावे. हे अवघड असते, पण "डॉक्टरांनी तिला एकटीलाच काही प्रश्न विचारायला सांगितले आहेत" एवढ्या वाक्याने बहुतेक घरांत दार लोटता येते. एकटी असताना तिला तीन गोष्टी विचाराव्यात : हे तिच्या मर्जीने झाले की जबरदस्तीने, घरी तिच्या जिवाला धोका आहे का, आणि तिला स्वतःला काय हवे आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दिवशी "माहीत नाही" असेच येते, आणि ते खरे उत्तर असते. ते बदलायला घाई करू नये. फक्त तारखेचे भान ठेवावे. मूल ठेवायचे, गर्भपात करायचा किंवा जन्म देऊन दत्तकासाठी सोपवायचे, या तिन्ही वाटा तिला सारख्याच आवाजात सांगाव्यात. सोबत गेलेल्या माणसाचा स्वतःचा कल त्या आवाजातून लगेच ओळखू येतो, आणि आधीच धास्तावलेली मुलगी त्या कलाकडे झुकते. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले आहे, म्हणून आग्रहाने लिहिते.

गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे आणि त्यात २०२१ मध्ये मोठे बदल झाले. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते, आणि गर्भनिरोधक निकामी ठरल्यामुळे दिवस गेले हे कारण आता विवाहितेइतकेच अविवाहितेलाही लागू आहे. २० ते २४ आठवड्यांच्या दरम्यान दोन डॉक्टरांचे मत लागते आणि ती मुभा ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांना आहे : लैंगिक अत्याचार झालेल्या, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंगत्व किंवा मानसिक आजार असलेल्या, गर्भात गंभीर व्यंग आढळलेल्या, आणि आपत्तीच्या परिस्थितीत सापडलेल्या. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की केवळ लग्न झालेले नाही या कारणाने कोणालाही या मुभेतून वगळता येणार नाही. २४ आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ निर्णय घेते; एरवी उच्च न्यायालयात जावे लागते. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाल्याने सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांचे काम तिथे चालते, आणि अशा प्रकरणात एकेक दिवस मोलाचा असताना ही सोय लहान नाही.

सही कोणाची लागते, यावर माझी सर्वांत जास्त भांडणे झाली आहेत. एका दवाखान्यात तीस वर्षांच्या, दोन मुलांच्या आईला "नवऱ्याची सही आणा" म्हणून दोनदा परत पाठवले होते, आणि नवरा तर वर्षभरापूर्वीच तिला सोडून गेला होता. १८ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची, बापाची किंवा भावाची सही कायद्यात कुठेही नाही. सही मागितली तर "हे लेखी द्या" असे शांतपणे म्हणावे; बहुतेक वेळा मागणी तिथेच मिटते. १८ वर्षांखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते, पण या कायद्यात पालक म्हणजे त्या मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती, त्यामुळे बाप नसेल किंवा बापापासूनच धोका असेल तर मार्ग बंद होत नाही. स्त्रीचे नाव आणि माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ती फोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड अशी शिक्षा आहे.

साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले 'सिव्हिल', कराडला वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय या पहिल्यांदा विचारण्याच्या जागा आहेत. दिवस जास्त भरले असतील किंवा गुंतागुंत असेल तर तालुक्याला वेळ न घालवता थेट मिरज किंवा सातारा गाठावे. खासगी ठिकाणी जायचे असेल तर त्या दवाखान्याला गर्भपात केंद्राची मान्यता आहे का, हे विचारावे. भिंतीवर लावलेले प्रमाणपत्र दाखवा म्हणण्यात काहीही अपमानास्पद नाही.

मुलगी १८ वर्षांखालील असेल, किंवा जबरदस्ती झाली असेल

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलीचा शरीरसंबंध हा गुन्हाच धरला जातो आणि तो कळल्यावर डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते. या एका गोष्टीच्या भीतीने कितीतरी घरे मुलीला भोंदूकडे नेतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या त्याच निकालात म्हटले आहे की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव आणि ओळख डॉक्टरांनी त्या खबरीत देण्याची गरज नाही. डॉक्टरांना हे ठाऊक नसेल तर नम्रपणे सांगावे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांशी त्यांचे बोलणे करून द्यावे. ही प्राधिकरणे सातारा आणि सांगलीच्या जिल्हा न्यायालयात आहेत, क्रमांक १५१०० आहे, आणि स्त्रियांना व मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

अत्याचार झाला असेल तर सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाला मोफत उपचार द्यावे लागतात. आधी तक्रार करा मग तपासू, असे म्हणता येत नाही. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण चालत नाही. गर्भपात होणार असेल आणि तक्रारही द्यायची असेल तर गर्भाच्या ऊतींचा नमुना डीएनए तपासणीसाठी जपून ठेवावा लागतो, म्हणून हे डॉक्टरांना शस्त्रक्रियेच्या आधी सांगायचे. नंतर सांगून उपयोग नसतो. मनोधैर्य योजनेतून पीडितेला १० लाखांपर्यंत अर्थसाहाय्य मिळू शकते आणि तो अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडेच जातो. लग्नाचे आमिष दाखवून फसवणूक झाली असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ मध्ये तो स्वतंत्र गुन्हा आहे. मात्र तक्रार द्यायची की नाही, हे तिने वकिलांशी बोलून ठरवावे, भावकीच्या बैठकीत नव्हे. त्याच बैठकीत बहुधा "लग्न लावून टाका" असाही तोडगा निघतो. मुलगी अठराच्या आत असेल तर तो बालविवाह आहे आणि अत्याचार करणाऱ्याशी असेल तर तो अत्याचाराला दिलेला कायमचा परवाना आहे, हे बैठकीतल्या वडीलधाऱ्यांना कोणीतरी तोंडावर सांगायला हवे.

निवारा

आसऱ्याची गरज दोन प्रकारची असते आणि त्यांची गल्लत झाली की धावपळ होते. एक आज रात्रीची, दुसरी बाळंतपणापर्यंतची आणि त्यानंतरच्या काही महिन्यांची. पहिलीसाठी प्रत्येक जिल्ह्याला 'सखी वन स्टॉप सेंटर' आहे. ते चोवीस तास चालते आणि तिथे निवारा, वैद्यकीय मदत, समुपदेशन, पोलीस मदत आणि वकील हे एकाच छताखाली मिळते, मात्र राहण्याची सोय पाच दिवसांपर्यंतचीच असते. तिथे पोहोचण्याचा सोपा मार्ग म्हणजे १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२. अठराच्या आतल्या मुलीसाठी १०९८ वर फोन करावा. तिची व्यवस्था बालकल्याण समिती करते आणि समितीपुढे तिला उभे करणे म्हणजे कोर्टात आरोपी म्हणून उभे करणे नव्हे, हे तिला आदल्या रात्रीच समजावून सांगावे, नाहीतर ती वाटेतच पळून जाते.

ते पाच दिवस संपायच्या आत लांबच्या मुक्कामाची सोय लावायची असते. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा. पूर्वी 'स्वाधार गृह' आणि 'उज्ज्वला' या नावांनी चालणाऱ्या योजना आता केंद्राच्या मिशन शक्तीखाली 'शक्ती सदन' म्हणून एकत्र झाल्या आहेत. त्याखेरीज शासनाची महिला राज्यगृहे आहेत. आपल्याच जिल्ह्यातल्या गृहात ओळखीचे कोणी भेटेल अशी भीती असेल तर शेजारच्या जिल्ह्यात सोय करावी असे अर्जातच लिहावे. साताऱ्याच्या मुलीला पुणे आणि सांगलीच्या मुलीला कोल्हापूर हे अंतर ओळख झाकायला पुरते आणि आईला एसटीने भेटून संध्याकाळी परत यायलाही जमते. आधार कार्ड, असल्यास रेशन कार्डाची प्रत, दवाखान्याचे कागद आणि दोन फोटो बरोबर असावेत. पण घरातून नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडलेलीला कागद नाहीत म्हणून परत पाठवू नये, असा आग्रह धरावा. कागद मागून करता येतात. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून किंवा सासरपासून निघालेल्या स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने निवारागृहाचा हक्क आहे.

दाखल करण्याआधी गृहात जाऊन चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे टिपून घ्यावीत. फोन जवळ ठेवता येतो का आणि आईशी कधी बोलता येते? तपासणीला कोणत्या रुग्णालयात नेतात आणि रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या तर सोबत कोण जाते? बाळंतपणानंतर किती दिवस राहता येते, बाळासह राहता येते का? आणि सर्वांत महत्त्वाचा : बाळ दिलेच पाहिजे अशी अट तर नाही ना? चौथ्या प्रश्नावर उत्तर गुळमुळीत आले, किंवा "सगळा खर्च एक चांगलं घर करणार आहे, तुम्ही काळजी करू नका" असे कोणी कानात सांगितले, तर तिथून उठावे. बाळंतपणाचा खर्च करून बाळ परस्पर नेणे म्हणजे मुलाची विक्री; बालन्याय कायद्याच्या कलम ८१ खाली या विक्रीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे, आणि त्यात आईही गोवली जाऊ शकते.

संस्थेपेक्षा नात्यातले घर बरे असे अनेकींना वाटते, आणि घर खरोखर मायेचे असेल तर ते बरेही असते. अशा वेळी मुलीला मावशीकडे किंवा आत्याकडे पाठवताना त्या घरच्या बाईंना महिन्याचा खर्च आधी देऊन ठेवावा, दवाखान्याची नोंद तिथल्या जवळच्या केंद्रात करावी, आणि मुलीला घरकामाला राबवले जाणार नाही हे आईने स्वतः एकदा जाऊन पाहावे. मी एका घरी गेले होते तेव्हा आठव्या महिन्यातली मुलगी हौदावर गोधड्या धूत होती, आणि "पाव्हण्यांकडं राहायचं म्हणजे हात चालवायला लागतोच की, ताई," असे तीच मला समजावत होती. त्या दिवशी तिला तिथून हलवले.

पोट राखायचे ठरले तर

पहिली तपासणी तिसऱ्या महिन्याच्या आत व्हावी. उशीर झाला असेल तर उद्या व्हावी. रक्तातील लोह, रक्तगट, साखर, रक्तदाब, एचआयव्ही आणि गुप्तरोगाची चाचणी या सगळ्या सरकारी केंद्रात मोफत होतात, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून गरोदर बायकांची खास तपासणी असते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तसे सांगून ठेवावे, कारण गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतर एक इंजेक्शन वेळेत लागते. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, बाळाची हालचाल मंदावणे, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, यांपैकी काही झाले तर सकाळची वाट पाहू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियन, औषधे, जेवण आणि ने-आण मोफत आहे. केसपेपरवर 'कुमारी' लिहिलेले असले तरी त्यात काही फरक पडत नाही.

मुलाची वाट

बाळ ठेवायचे असेल तर जन्माची नोंद २१ दिवसांत करावी. बापाचे नाव सांगण्याची सक्ती नाही. अविवाहित आईला प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला मिळाला पाहिजे आणि पालकत्वासाठी बापाचे नाव उघड करणे भाग पाडता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ च्या निकालात सांगितले आहे. बापाकडून पोटगी हवी असेल तर मात्र नाव घ्यावे लागेल. विवाहबाह्य मुलालाही पोटगीचा हक्क आहे. एकट्या आईच्या मुलासाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, तिच्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात, आणि तिचा अर्जही जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात होतो.

बाळ सांभाळणे शक्य नसेल तर ते बालकल्याण समितीपुढे सोपवता येते. याला समर्पण म्हणतात, आणि देवळाच्या पायरीवर, उसाच्या सरीत किंवा स्टँडच्या बाकावर बाळ सोडून जाण्यापेक्षा ते सर्वार्थाने वेगळे आहे : सोडून देणे हा गुन्हा आहे, समर्पण हा कायद्याने दिलेला मार्ग आहे. आई अविवाहित असेल तर तिच्या एकटीच्या सहीने समर्पणपत्र होते आणि शक्यतो समितीतल्या महिला सदस्यासमोर ते केले जाते. विवाहित असेल तर दोघांच्या सह्या लागतात. सही झाल्यावर पुन्हा विचार करायला दोन महिन्यांची मुदत असते आणि त्या मुदतीत आई बाळ परत मागू शकते. ही गोष्ट सही करतानाच्या घाईत तिच्या कानापर्यंत पोहोचत नाही, म्हणून मुदतीची शेवटची तारीख एका चिठ्ठीवर लिहून तिच्या पाकिटात ठेवून द्यावी. समर्पित मुलाची वर्तमानपत्रात जाहिरात दिली जात नाही आणि आईचे नाव गुप्त राहते.

हे लिहिताना मला कटगुण आणि नायगाव आठवतात. जोतीराव फुल्यांचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे आणि सावित्रीबाईंचा जन्म खंडाळा तालुक्यातल्या नायगावचा. या दोघांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे येणाऱ्या विधवेचे नाव गुप्त राही आणि मूल न्यायचे की ठेवायचे हे तिच्याच खुशीवर असे. तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि तो पुढे डॉक्टर झाला. नाव गुप्त ठेवणे आणि निर्णय तिचा मानणे, या दोन गोष्टी आज कायद्यात लिहिलेल्या आहेत, तरी त्याच सातारा जिल्ह्यातल्या मुलीला त्या मिळवण्यासाठी सोबत कोणीतरी लागते, याचे मला वाईट वाटते.

नंतरचे दिवस

बाळ सोपवले असो किंवा गेले असो, दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत दूध येते, आणि हे तिला आधी कोणी सांगितलेले नसते. छाती दगडासारखी होते, कपडे भिजतात आणि मुलगी रात्री एकटी उठून रडत बसते. तिला आधीच सांगून ठेवावे. नीट बसणारी अंतर्वस्त्रे, गार पाण्याची घडी आणि दुखण्यावरची साधी गोळी पुरते. दूध पिळून काढत राहू नये, कारण त्याने ते वाढते, आणि छाती घट्ट आवळून बांधूही नये. लाली आणि ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे. चौथ्या महिन्यानंतरच्या गर्भपातातही असे होऊ शकते. झोप उडाली, जेवण सुटले, जगणे नको वाटू लागले तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते, पण त्या रात्री तिच्या खोलीत कोणीतरी झोपायला हवे. फोन सोबतीची जागा घेत नाही.

नोकरी करणारीने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रसूती लाभाच्या कायद्यात लग्नाची अट नाही, आणि तो लागू असलेल्या ठिकाणी गर्भपातानंतरही डॉक्टरांच्या दाखल्यावर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. शिकणारीने बाळंतपणाच्या सत्रात परीक्षेचा अर्ज भरायचा की पुढे ढकलायचे, हे प्राचार्यांशी बोलून ठरवावे, आणि कारण म्हणून वैद्यकीय दाखला पुरतो.

सहाव्या आठवड्यात एकदा तपासणी ठरलेली असावी. त्याच भेटीत पुढच्या गर्भनिरोधनाचे विचारून घ्यावे. तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' गोळी आणि तांबी ही साधने सरकारी केंद्रात फुकट आहेत, आणि अविवाहितेलाही ती मागता येतात. त्या दिवशी तिला एकटीला पाठवू नये. केसपेपर काढायच्या रांगेत पाळण्याच्या गोष्टी चालू असतात, आणि तिथे शेजारी उभे राहायला एक माणूस असले तरी पुरते.